खुर्चीवरच्या दोन उशा

चार वर्षांपूर्वी आईला न्यूमोनिया झाला. ती तेव्हा ब्याऐंशीची होती. रुग्णालयात न्यायला निघालो तेव्हा ती स्वतःच्या पायांनी जिना उतरली, गाडीत बसली आणि बसल्या बसल्या मला म्हणाली, "गॅस बंद केलास ना?" अकरा दिवसांनी आजार बरा झाला. ताप गेला, छाती मोकळी झाली, तोंडाला चव आली. पण घरी आली ती चाकाच्या खुर्चीतून. त्या खुर्चीतून तिला पलंगावर घ्यायला दोन माणसं लागली.

आजार फुप्फुसांचा होता. मग पायातलं बळ कुठे गेलं?

हा प्रश्न मी तेव्हा कुणालाच विचारला नाही, कारण न विचारताच जो तो उत्तर देत होता. "आता या वयात असंच व्हायचं." भेटायला येणारे म्हणत, फोनवर नातेवाईक म्हणत, आई स्वतः म्हणे. मीही मान डोलवायची. घरात मग आपोआप एक नियम झाला की आईनं उठायचं नाही. पाणी हातात, औषध हातात, चष्मा हातात. दाराची बेल वाजली आणि ती जराशी हलली, तरी तीन खोल्यांतून आवाज यायचा, "तू बस, आम्ही बघतो!" रुग्णालयातही तेच झालं होतं. तिला दोनदा कॉटवरून उतरून खिडकीपर्यंत जायचं होतं. दोन्ही वेळा मीच म्हणाले होते, "नको, पडशील." मायेनंच म्हणाले होते. ते आठवलं की अजून मला त्रास होतो.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आली, वय असेल सव्वीस-सत्तावीस. आत आल्या आल्या तिनं आईआधी घरातल्या खुर्च्या पाहिल्या. जेवणाच्या टेबलाजवळची, हात नसलेली, लाकडी खुर्ची निवडली आणि भिंतीला टेकवून ठेवली, मागे सरकू नये म्हणून. आईला तीवर बसवलं. "आजी, दोन्ही हात छातीवर घ्या आणि उभ्या राहा." आईनं जोर लावला. चेहरा लाल झाला, पण अंग खुर्चीपासून बोटभरही सुटलं नाही. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मुलगी शांतपणे आतल्या खोलीत गेली, दोन उशा घेऊन आली, खुर्चीवर एकावर एक ठेवल्या आणि आईला पुन्हा बसवलं. "आता उठा."

आणि आई उठली, हात न लावता.

बैठक जितकी उंच तितकं मांडीला कमी उचलावं लागतं, एवढंच त्यामागचं गणित. पण त्या मुलीनं त्यातल्या बारकाव्यांवर अर्धा तास घालवला. पावलं गुडघ्यांच्या जराशी मागे ओढून घ्यायची. पुढे वाकायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं पाहिजे. म्हातारी माणसं पडायच्या भीतीनं मागे रेलून उठायला बघतात आणि म्हणूनच उठू शकत नाहीत. उठताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बसताना धपकन बसायचं नाही. एक, दोन, तीन मोजत, हळूहळू टेकायचं. "चढण्याइतकंच उतरणंही स्नायूंचं काम आहे, आजी. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम फुकट गेला." पाच वेळा उठायचं, थोडं थांबायचं, पुन्हा पाच वेळा. रोज नाही, दिवसाआड. आमच्यासाठी एकच सूचना होती: जे आजी स्वतः करू शकतात ते तुम्ही करून द्यायचं नाही.

मी वही केली. तारीख, किती उशा, किती वेळा. चौथ्या आठवड्यात एक उशी निघाली. नवव्या आठवड्यात दुसरी. मधे एक आठवडा काहीच पुढे सरकलं नाही, आईनं दोन दिवस सरळ नकार दिला. तेही वहीत आहे.

या काळात मी रात्री वाचायला लागले. दीर्घायुष्याचं म्हणून जे काही लिहिलेलं असतं ते बहुतेक गुपितांच्या भाषेत असतं. अमुक बेटावरची माणसं, तमुक डोंगरातली माणसं शंभरी गाठतात, त्यांचं रहस्य काय! त्यातलं बरंच मी बाजूला ठेवलं. २०१० साली जपानच्या नोंदवह्या तपासल्या तेव्हा शंभरी ओलांडलेल्या दोन लाखांहून जास्त माणसांचा ठावठिकाणाच लागेना. कागदावर जिवंत, प्रत्यक्षात कुठेच नाहीत. असं कळल्यावर रहस्यांवर किती विसंबायचं? मला साधी गोष्ट हवी होती. माझ्या आईच्या पायांचं अकरा दिवसांत काय झालं?

ते सापडलं. २००७ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. साधारण सदुसष्ट वर्षांच्या, चांगल्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर पडून राहायला लावलं. आजार नाही, ताप नाही, फक्त पडून राहणं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला आणि मांडीची ताकद पंधरा टक्क्यांच्या वर घटली. आई अकरा दिवस झोपून होती, तीही आजारी आणि त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. मी तो आकडा वाचला आणि आतल्या खोलीत जाऊन झोपलेल्या आईच्या पोटरीला हात लावून पाहिला. कातडी सैल, आत जेमतेम काही हाताला लागत होतं. हे वयानं केलेलं नव्हतं. निदान सगळं वयानं केलेलं नव्हतं. बरंचसं पडून राहण्यानं केलं होतं, आणि ते आम्ही तिच्याकडून करवून घेतलं होतं.

त्याहून जुना एक प्रयोग आहे, १९६६ सालचा, डॅलसमधला. विशीतले पाच तरुण तीन आठवडे अंथरुणावर. उठल्यावर त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरायची क्षमता खूप खाली आली होती. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी, पन्नाशीत, पुन्हा बोलावून तपासलं. आणि दिसलं असं, की तीस वर्षांच्या वयानं त्यांची क्षमता जितकी घटली नव्हती तितकी ती विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी घटली होती! मग सहा महिने त्यांच्याकडून हळूहळू वाढवत नेलेला चालण्या-पळण्या-सायकलचा व्यायाम करून घेतला, तर ती विशीत प्रयोगाआधी होती तिथे परत आली. पन्नाशीत. हे मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

पण आई पन्नाशीची नव्हती. तिला मी सांगितला तो बोस्टनचा प्रयोग. १९९० साली मारिया फियाटारोन या डॉक्टरबाईंनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना घेतलं. सरासरी वय नव्वद, सगळे अशक्त. त्यांना पायांनी वजन उचलायला लावलं, नावापुरतं हलकं नाही, चांगलं जड. आठ आठवडे. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे दुपटीच्याही वर, अडीच पटीच्या पुढे. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नव्वद?" मी म्हटलं, हो. "मग मला अजून आठ वर्षं आहेत सुरू करायला," ती म्हणाली आणि खुर्ची भिंतीला लावायला सांगितली.

त्या दिवसापासून आमच्या घरात "आता या वयात" म्हणायला बंदी आहे.

हे मी उगाच ताणत नाहीये. बेक्का लेव्ही या संशोधिकेनं २००२ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका गावातल्या ६६० माणसांची माहिती तपासली. सगळे पन्नाशीच्या पुढचे. वीसेक वर्षांपूर्वी त्यांना स्वतःच्या म्हातारपणाबद्दल काय वाटतं ते विचारलेलं होतं. ज्यांना म्हातारपणाबद्दल बरं वाटत होतं ते, वाईट वाटणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. नुसत्या विचारानं आयुष्य वाढतं असं मी म्हणणार नाही. पण "आता या वयात" म्हणणारा माणूस काय काय करायचं सोडून देतो, हे मी घरात पाहिलं आहे. तो जिना सोडतो, मग बाहेर जाणं सोडतो, मग उठणं.

माझे वडील सिगारेट ओढायचे. साठाव्या वर्षी डॉक्टरांनी सोडायला सांगितली तेव्हा तेही हेच म्हणाले होते: "आता या वयात सोडून काय उपयोग?" आम्हालाही ते पटलं होतं. सहासष्टाव्या वर्षी गेले. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून पन्नास वर्षं ब्रिटनमधल्या डॉक्टरांचाच मागोवा घेतला होता. धूम्रपान चालू ठेवणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडली तर ती जवळजवळ सगळी वर्षं वाचतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा. आणि साठीत सोडली तरी तीन. तीन वर्षं म्हणजे माझ्या मुलीचं लग्न त्यांनी पाहिलं असतं. याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

आईचं चालू असताना माझी स्वतःची परीक्षा एका रात्री झाली. कानातलं पलंगाखाली पडलं म्हणून मी खाली बसले. सापडलं. उठायला गेले तर आधी पलंगाची कड पकडली, मग गुडघा टेकला, मग कसंबसं उभी राहिले. तेव्हा मी सत्तावन्नची होते, रोज फिरायला जाणारी, स्वतःला तब्येतीची समजणारी. ब्राझीलचे डॉक्टर क्लॉडिओ आराउजो यांनी याचीच चाचणी केलेली आहे. जमिनीवर बसायचे पाच गुण, उठायचे पाच. हात, गुडघा, कोपर, जे टेकवाल त्याचा एकेक गुण वजा. तोल गेला तर अर्धा. २०१२ साली त्यांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांचे निकाल छापले. ज्यांना तीन किंवा त्याहून कमी गुण होते, त्यांच्यातलं पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण आठ ते दहा गुणवाल्यांच्या पाच पटींहून अधिक होतं. उठबशा काढल्या की आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ नाही. ताकद, लवचिकपणा, तोल, वजन हे सगळं त्या एका हालचालीत एकत्र दिसतं, म्हणून ती चाचणी बोलकी आहे. मला साडेसहा मिळाले.

मला वाटत होतं, रोज चालते म्हणजे झालं. चालणं चांगलंच आहे, ते मी सोडलेलं नाही. दहा हजार पावलांचा धोशा मात्र मनातून काढून टाकला. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून आला, कुठल्या प्रयोगातून नाही. २०१९ साली सरासरी बाहत्तर वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त बायकांची पावलं मोजली गेली, तेव्हा रोज चार-साडेचार हजार चालणाऱ्यांनाही अडीच-तीन हजार चालणाऱ्यांपेक्षा स्पष्ट फायदा दिसला, आणि साडेसात हजारांच्या पुढे तो वाढायचा जवळपास थांबला. दहा हजार जमत नाहीत म्हणून जे दोन हजारांवर बसून राहतात, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

पण सपाट रस्त्यावर चालण्यानं मांडीला वजन उचलावं लागत नाही, आणि साठीनंतर जाते ती ताकद नेमकी तिथली. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते हे पुष्कळांना माहीत असतं. त्याच शिफारशीत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम आणि पासष्टीपुढच्यांना तीन दिवस तोल सुधारणारे व्यायाम सांगितलेत, ते कुणी वाचत नाही. मी जिना धरला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर जेरी मॉरिस यांनी केलेला अभ्यास १९५३ साली आला होता. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर वरखाली जिना चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. तीच गाडी, तोच रस्ता, तीच शहरातली हवा. मॉरिस स्वतः नव्याण्णव वर्षं जगले.

तोलाचं काम मी आरशासमोर करते. दात घासताना एका पायावर उभी राहते, एका हाताचं बोट बेसिनच्या कडेला. पहिल्या दिवशी चार सेकंद. घोटा सारखा थरथरत होता, पायाचा तळवा आत-बाहेर होत होता. मला वाटलं, हे माझं काहीतरी बिघडलंय. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, ते थरथरणं म्हणजेच व्यायाम. डोळे, आतला कान आणि तळपाय-घोट्यांतून येणारे निरोप अशा तिघांच्या हिशोबावर शरीर तोल सांभाळतं. डोळे मिटून उभं राहिलं की लगेच कळतं आपण नजरेवर किती टेकलेलो आहोत (हे भिंतीच्या कोपऱ्यातच करावं, मोकळ्यात नाही). दहा सेकंद एका पायावर उभं राहता न येणाऱ्यांवरही आराउजो यांचाच २०२२ चा अभ्यास आहे. ५१ ते ७५ वयाच्या सतराशे माणसांपैकी पाचात एकाला ते जमलं नव्हतं. माझे दहा सेकंद व्हायला दीड महिना लागला. आता दोन्ही पायांवर अर्धं मिनिट होतं.

दोन-तीन गोष्टी सांगायलाच हव्यात, नाहीतर माझ्यामुळे कुणी पडायचं. छातीत दुखत असेल, उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टर, मग खुर्ची. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर चक्कर त्यांची आहे का ते विचारून घ्यावं. आईची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली आणि सकाळची चक्कर थांबली. आम्ही तीही वयाच्या नावावर लिहून मोकळे झालो होतो. चष्म्याचा नंबर आणि कान वेळेवर तपासावेत. आणि नुसत्या व्यायामानं स्नायू बनत नाही, त्याला प्रथिनं लागतात. वय झालं की कमी खावं असं आपण धरून चालतो, पण म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत असं तज्ज्ञ सांगतात, तरुणांपेक्षा कमी नव्हे तर जास्त. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे स्वतःच्या मनानं वाढवू नये.

आईची आता वेगळी मोजणी आहे. अर्ध्या मिनिटात खुर्चीतून हात न लावता किती वेळा उठते. ऐंशी ते चौऱ्याऐंशीच्या बायकांना नऊपेक्षा कमी जमलं तर पडण्याचा धोका जास्त मानतात. पहिल्या वेळी, दोन्ही उशा निघाल्यानंतर, तिचे पाच झाले होते. चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाला दहा झाले. आता शहाऐंशीची आहे. मधल्या काळात एकदा तापानं आठ दिवस झोपून होती, पण त्या आठ दिवसांत आम्ही तिला दर दोन-तीन तासांनी पलंगाच्या कडेला बसवत होतो, धरून उभी करत होतो, संडासला चालवत नेत होतो. या वेळी खुर्चीवर पुन्हा एकच उशी ठेवावी लागली, आणि ती बारा दिवसांत निघाली.

संध्याकाळी कामावरून परत येते तेव्हा किल्ली माझ्या पर्समध्येच असते. मी ती काढत नाही. बेल दाबते आणि दारापाशी थांबते. आधी आतून खुर्ची करकरल्याचा आवाज येतो. मग थोडा वेळ काहीच नाही. तेव्हा ती सरळ उभी राहून तोल बघत असते, तसं तिला शिकवलंय. मग पावलं. पूर्वी ती फरशीवर घासत यायची, आता उचलून टाकलेली ऐकू येतात. वरची कडी ती टाचा उचलून काढते. सगळं मिळून मिनिटभर तरी लागतं. शेजारच्या ताईंनी परवा मला तशी उभी पाहिलं आणि विचारलं, "किल्ली विसरलात का? माझ्याकडे आहे एक." मी म्हटलं, "नको, आई येतेय."